हसण्याची मुभा

एखादं कार्यालय कसं आहे हे ओळखायला मला आताशा ताळेबंद लागत नाही, की भिंतीवरचं ध्येयवाक्य. साहेब आत येताच तिथलं हसणं थांबतं की चालू राहतं, एवढं पाहिलं तरी पुरतं.

लवळ्यात वावरताना हे माझ्या मनात पक्कं होत गेलं. मुळशी तालुक्यातलं हे भातशेतीचं गाव एका पिढीत नोकरीचं गाव झालं. टेकडीवर सिंबायोसिसचं विद्यापीठ, त्यांचं रुग्णालय, गावाच्या हद्दीतच फ्लेम विद्यापीठ. सकाळी सूस, नांदे, पिरंगुटच्या बाजूनं दुचाक्या आणि बसगाड्या भरून येतात. प्राध्यापक येतात, कारकून येतात, परिचारिका येतात. त्यांच्याही आधी येतात ते मेसचे आचारी, सफाईच्या मावश्या, पहारेकरी, माळी. इथं व्यवस्थापन शिकवलं जातं, माणसांकडून काम कसं करून घ्यावं याचे वर्ग भरतात. त्या अभ्यासक्रमात हसण्याला मानाची जागा असावी असं मला मनापासून वाटतं. कारण ज्या मातीवर या इमारती उभ्या आहेत, तिथं कष्ट आणि हसू कधीच वेगळे नव्हते.

आषाढात मुळशीच्या कुठल्याही खाचराच्या बांधावर उभं राहून पाहा. चिखलणी झालेली असते आणि आवणीला बायका ओळीनं वाकलेल्या असतात. पाठीवर पाऊस, पोटरीपर्यंत चिखल, आणि सकाळपासून एकच हालचाल: मूठ सोडवायची, रोप खोचायचं, एक पाऊल मागं. कुणीतरी कुणाच्या नव्या जावयाचा विषय काढते, दुसरी त्यावर कडी करते, आणि बघता बघता अख्खं खाचर हसायला लागतं. त्या हसण्यानं मजुरी वाढत नाही, पण ओळ मोडत नाही. मागं पडलेलीवर कुणी डाफरत नाही. तिची थट्टा होते आणि थट्टा करणारीच तिच्या वाटची चार रोपं खोचून टाकते.

जात्याचंही तसंच. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी पुणे जिल्ह्याच्या डोंगराळ भागातल्या बायांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यात मुळशीतली गावंही होती. पुढे महाराष्ट्रभरातून हा संग्रह एक लाख ओव्यांच्या वर गेला आणि २०१७ पासून ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहानं तो लोकांसमोर आणला. त्या ओव्यांत विठ्ठल आहे, माहेर आहे, बाबासाहेब आहेत, आणि सासू, नणंद, विहीण यांना काढलेले चिमटेही आहेत. जे तोंडावर बोलायची सोय नव्हती ते जात्यावर गाता येत होतं. पहाटेच्या त्या कष्टाला हसू होतं म्हणून ती बाई आपलं म्हणणं मांडू शकली. माझ्या मते कामाच्या ठिकाणच्या विनोदाची खरी किंमत इथं आहे. मन रमतं हे खरंच, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे दबलेल्या माणसाला आवाज मिळतो.

रॉबर्ट प्रोव्हाइन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं माणसं रोजच्या जगण्यात कधी हसतात हे लोकांत मिसळून ऐकलं आणि हसण्याचे सुमारे १२०० प्रसंग टिपले. ज्याला विनोद म्हणता येईल असं काही बोललं गेल्यावर आलेलं हसू त्यात जेमतेम १० ते २० टक्के निघालं. बाकी सगळं हसू निरोपाच्या, चौकशीच्या, ओळखीच्या साध्या वाक्यांवर होतं. माणूस एकटा असताना हसतो त्याच्या सुमारे तीसपट चारचौघांत हसतो, असंही त्याला आढळलं. म्हणजे कार्यालयात हसू हवं असेल तर विनोदवीर नेमायची गरज नाही. माणसांना एकत्र बसायला निवांत वेळ आणि बोलायची मोकळीक मिळाली की हसू आपोआप येतं.

याचा सर्वांत बोलका दाखला डोनाल्ड रॉय या समाजशास्त्रज्ञानं १९५९ च्या सुमारास लिहून ठेवला आहे. तो स्वतः एका कारखान्यात यंत्रावर कामगार म्हणून लागला. दिवसभर एकच साचा ठोकत राहायचा, डोकं बधिर करणारं काम. सोबतचे कामगार मोजकेच. त्यातला सॅमी रोज डब्यात एक केळं आणी आणि आइक ते रोज चोरून, ‘केळ्याची वेळ झाली’ असं ओरडत खाऊन टाकी. सॅमी रोज चिडे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा केळं आणी. रॉयला आधी हा पोरकटपणा वाटला. मग त्याच्या ध्यानात आलं की केळ्याची वेळ, पीचची वेळ अशा या रोजच्या चेष्टांनीच त्या न संपणाऱ्या दिवसाचे तुकडे पाडले होते आणि ही माणसं त्या आधारावर संध्याकाळपर्यंत पोचत होती. आपल्याकडे चहाच्या वेळेला हेच काम असतं. तो वेळ वाया जातो असं समजून त्यावर घड्याळ लावणाऱ्यांनी रॉयचा हा लेख वाचायला हवा.

त्याच लेखात एक कटू प्रसंगही आहे. तिसरा कामगार जॉर्ज याची मुलगी एका प्राध्यापकाच्या मुलाला दिली होती आणि जॉर्जला त्याचा मोठा अभिमान होता. एके दिवशी त्या व्याह्याच्या प्राध्यापकीवरच विनोद झाला. जॉर्ज गप्प झाला. पुढचे जवळजवळ दोन आठवडे त्या खोलीतली चेष्टा, गप्पा, केळं, सगळं बंद. ज्या थट्टेनं माणसं बांधली गेली होती तिनंच ती तोडली, कारण ती माणसाच्या मानाला लागली होती.

म्हणून नुसतं ‘हसत राहा’ म्हणून भागत नाही. कोण कुणाला हसतंय हे पाहावं लागतं. रोझ कोझर या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९६० मध्ये एका मनोरुग्णालयातल्या डॉक्टरांच्या बैठकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वरिष्ठ अधिक विनोद करत आणि बऱ्याचदा ते कनिष्ठांवर असत. कनिष्ठ विनोद करत ते रुग्णांवर किंवा स्वतःवर. समोर बसलेल्या वरिष्ठावर विनोद करायची छाती कुणाचीच झाली नव्हती. साठ वर्षं उलटून गेली, पण आपल्या किती बैठका अजून तशाच चालतात! साहेबांनी विनोद केला की सगळं टेबल हसतं. शिपायाच्या ‘न’ आणि ‘ण’वर, खेड्यातून आलेल्या मुलीच्या इंग्रजीवर, कुणाच्या रंगावर, जाडीवर, जातीवर, बाई म्हणून तिच्यावर विनोद होतात आणि ज्याच्यावर होतात त्यालाही हसावं लागतं. ते हसू नव्हे, ती हजेरी आहे. एका कार्यालयात मी अशा हसण्याच्या मध्ये बसलेलो आहे. तिथं ज्याची रोज टर उडवली जाई तो माणूस वर्षभरात राजीनामा देऊन गेला. जाताना त्यानं कारण घरगुती असल्याचं लिहिलं.

आपली परंपरा याच्या नेमकी उलट दिशेची आहे. तमाशातला सोंगाड्या राजाची, प्रधानाची, पाटलाची भर बोर्डावर फिरकी घेतो आणि पुढं बसलेला पाटीलही हसतो. वसंत सबनिसांचं ‘विच्छा माझी पुरी करा’ दादा कोंडक्यांनी गाजवलं ते सत्तेच्या खुर्चीला असे टोले मारतच. आर. के. लक्ष्मण यांचा ‘कॉमन मॅन’ एक शब्दही न बोलता मंत्र्यांच्या मागं उभा राहून सगळं बघत राहिला. लवळ्याच्या टेकडीवर ज्यांचं विद्यापीठ आहे त्याच सिंबायोसिसनं पुण्यात सेनापती बापट रस्त्यावरच्या आपल्या आवारात २००१ मध्ये त्याचा पुतळा उभारला. एका शिक्षणसंस्थेनं सामान्य माणसाच्या त्या बघण्याला असा मान दिला, याचं मला फार मोल वाटतं. विनोद खालून वर जातो तेव्हा तो सत्तेला भानावर ठेवतो. वरून खाली येतो तेव्हा तो माणूस चिरडतो.

वरिष्ठांना यात आपलं काय नुकसान, असं वाटत असेल तर त्यांनी एमी एडमंडसन या संशोधक बाईंचं काम पाहावं. १९९०च्या दशकात त्यांनी रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या गटांत औषधं देताना होणाऱ्या चुका अभ्यासल्या. चांगल्या गटांत चुकांची नोंद कमी असेल असा अंदाज होता. निघालं उलटं. चांगल्या गटांत नोंदलेल्या चुका जास्त होत्या, कारण तिथं चूक सांगायची भीती नव्हती. माझं म्हणणं असं की भीती निवडक नसते. जो माणूस साहेबांसमोर हसायला घाबरतो तो ‘साहेब, हिशेबात घोळ आहे’ किंवा ‘डॉक्टर, डोस जास्त होतोय’ असं सांगायलाही घाबरतो. हसू थांबवणारं कार्यालय वाईट बातमीही थांबवतं, आणि ती बातमी मग फार उशिरा आणि फार महागात पोचते.

हसू हुकमानं मात्र येत नाही. डॉ. मदन कटारिया यांनी १३ मार्च १९९५ रोजी मुंबईत पाच जणांना घेऊन पहिला हास्यक्लब सुरू केला तेव्हा लोक विनोद सांगत. थोड्याच दिवसांत चांगले विनोद संपले, उरलेले अश्लील किंवा बोचरे होऊ लागले, म्हणून त्यांनी विनोद सोडून हसण्याचा व्यायामच घेतला. व्यायाम म्हणून तो उत्तम आहे. पण शुक्रवारी चार वाजता सक्तीचा आनंदमेळा भरवून आठवड्याभराचा धाक धुतला जात नाही.

त्यापेक्षा साधी कामं करा. जेवणाची सुट्टी पूर्ण द्या आणि साहेबांनी डबा केबिनमध्ये न उघडता सगळ्यांत बसून उघडावा. त्या पंगतीत कंत्राटी पहारेकरी आणि सफाईच्या मावश्याही असाव्यात. तुमची फिरकी कुणी घेतली तर आधी तुम्ही हसा आणि ती मनात ठेवू नका. वार्षिक मूल्यमापनात तर मुळीच नको. आणि दुबळ्यावर विनोद झाला की हसू नका, तिथल्या तिथं ‘हे बरोबर नाही’ असं म्हणा. तुम्ही एकदा म्हणालात की पुढच्या वेळी दुसरं कुणी म्हणेल.

आयुष्यातले जागेपणीचे कितीतरी तास आपण कामावर काढतो. तिथं मान खाली घालून वावरावं लागत असेल तर पगार कितीही असो, तो अपुराच. हसण्याची मुभा ही कामगारावर केलेली मेहरबानी नाही. पिण्याच्या पाण्याइतका आणि बसायच्या खुर्चीइतका तो त्याचा हक्क आहे, आणि तो मिळवून देणं हे वरच्या खुर्चीवर बसलेल्याचं पहिलं काम आहे.