मागणाऱ्याचे तिसरे पाऊल

नेसरी म्हटले की मराठी मन २४ फेब्रुवारी १६७४ या दिवसाकडे, प्रतापराव गुजर व त्यांच्या सहा साथीदारांकडे वळते. इतिहास जपणाऱ्या या गावाने भविष्याचाही विचार करावा, यासाठी कोल्हापुरातच १९ जुलै १९३८ रोजी जन्मलेल्या डॉ. जयंत नारळीकरांची ‘वामन परत न आला’ ही विज्ञान कादंबरी अवश्य वाचावी.

जमिनीखाली खोलवर पुरलेली एक पेटी सापडते. एका प्रगत, लुप्त संस्कृतीचे ज्ञान तीत साठवलेले असते. त्या आधारे ‘वामन’ हा यंत्रमानव घडवला जातो. तो तत्पर आणि उपयुक्त असतो. मात्र स्वतःसारखी यंत्रे निर्माण करण्याची विद्या त्याला हवी असते. ती द्यावी काय? बळीराजाने दान देण्यापूर्वी मागणाऱ्याची पावले मोजली नव्हती. शीर्षकातील पुराणसंदर्भाचे मर्म येथे उमगते.

व्यक्तिरेखा पुरेशा ठसठशीत नाहीत. संवाद अधूनमधून व्याख्यानाचे वळण घेतात. तरीही प्रश्नाची धार बोथट होत नाही. आज कृत्रिम बुद्धिमत्ता घराघरांत पोहोचली असताना तो अधिकच बोचतो.

‘कृष्णविवर’ ही कथा नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेस ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने पाठवली आणि ती पहिली आली. नावाच्या वजनावर काही मिळवू नये, हा तो संयम. सामर्थ्य हाती असताना पाळलेला असाच संयम ही कादंबरी वाचकाकडे मागते. घरातील तरुणांसह ती वाचावी आणि ‘कोठे थांबावे’ यावर मोकळेपणाने बोलावे.