निरीक्षण वेगळं, अनुमान वेगळं

मंडळी, आपल्या अंधेरीची गिल्बर्ट हिल आणि बुलढाण्याचं लोणार, दोन्हीकडचा कातळ लाव्हाचाच. पण लोणारचं सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं विवर आकाशातून आलेल्या पाहुण्याने खणलं. हा पाहुणा कोणत्या कुळातला? २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात तिथल्या वितळलेल्या दगडांतल्या क्रोमियमवरून अंदाज निघाला, की तो कार्बनयुक्त, आदिम जातीचा असावा.

त्याचे भाऊबंद आजही मंगळ आणि गुरू यांच्यामध्ये फिरतात. त्यांचं कुळ कळतं उजेडावरून. ऊन दगडावर पडतं, दगड त्यातला काही भाग शोषतो, उरलेला परत पाठवतो. प्रत्येक खनिजाची शोषायची जागा ठरलेली. पाणी मुरलेली चिकणमाती असेल तर अवरक्त प्रकाशात २.७ मायक्रोमीटरच्या आसपास खाच दिसते. मग हा वर्णपट प्रयोगशाळेतल्या उल्कापाषाणाशी ताडून बघायचा.

काहीजण म्हणतात, हे म्हणजे नुसता फोटो बघून स्थळ पसंत करणं! मला त्यात थोडं तथ्य वाटतं. जपानचं हायाबुसा-२ यान २०१८ मध्ये र्‍युगू लघुग्रहाजवळ पोचलं, तेव्हा ही खाच फार फिकट दिसली. र्‍युगू तापून बराच कोरडा झाला असावा, असं वाटलं. डिसेंबर २०२० मध्ये जेमतेम ५.४ ग्रॅम माती पृथ्वीवर आली, आणि निघाली चांगली पाणीदार खनिजांची. उजेड खोटं बोलला नव्हता. त्याने फक्त ऊन-वारा खाल्लेल्या कातडीबद्दल सांगितलं होतं. (वारा म्हणजे सौरवारा बरं का!)

म्हणून उजेड वाचणं सोडायचं का? मुळीच नाही. लाखो लघुग्रहांवर यान कोण पाठवणार? पण उजेडाने सुचवावं आणि हातातल्या दगडाने खात्री करावी, हेच खरं.

लोणारचं पाणी जून २०२० मध्ये गुलाबी झालं, तेव्हा केवढे तर्क लढवले लोकांनी! पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले, तेव्हा कळलं, मीठ मानवणारे सूक्ष्मजीव.

शाळेची सहल लोणारला गेली की दैत्यसूदनाचं देऊळ जरूर दाखवावं. पण काठावर उभं करून मुलांना दोन प्रश्नही विचारावेत: काय दिसतंय? आणि त्यावरून काय वाटतंय? प्रयोगवहीत 'निरीक्षण' आणि 'अनुमान' वेगवेगळं लिहायला आम्ही शिकवत होतो, ते काही मार्कांसाठी नव्हे. असो.