जाहीर इशारा : पुलाची खालची बाजू दाखवा!

मुंबई-गोवा महामार्गावरील पूल ज्यांच्या ताब्यात आहेत, त्या सर्व अधिकाऱ्यांना आणि कंत्राटदारांना महामार्गालगतच्या गावांतील आम्ही नागरिक हा जाहीर इशारा देत आहोत.

२ ऑगस्ट २०१६ ची रात्र आम्ही विसरलेलो नाही. महाडजवळ पुराने सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल नेला आणि जयगड-मुंबई व राजापूर-बोरिवली या दोन एसटी गाड्या प्रवाशांसह अंधारात नदीत गेल्या. त्याच वर्षी मे महिन्यात त्या पुलाची पाहणी होऊन तो वाहतुकीस सुरक्षित ठरवला गेला होता!

पुलाचे दुखणे खालच्या बाजूला असते. वर डांबर गुळगुळीत असते, तेव्हा खाली दगडांच्या सांध्यांत पिंपळाची मुळे शिरलेली असतात, काँक्रीट सुटून गंजक्या सळया उघड्या पडलेल्या असतात. कठड्यावरून वाकून हे दिसत नाही. ड्रोनच्या कॅमेऱ्याला दिसते, तेही वाहतूक न थांबवता. दरवर्षी त्याच जागेचा फोटो घेतला, तर भेग वाढली की नाही हे कोणालाही कळेल. परवानगीची सबब सांगू नका. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार ग्रीन झोनमध्ये ४०० फुटांपर्यंतच्या उड्डाणाला परवानगी लागत नाही. पाण्याखालचा पाया ड्रोनला दिसत नाही, हे आम्हीही जाणतो. तिथे पाणबुडे उतरवा.

आमच्या मागण्या :

१. येत्या ३१ मेपर्यंत प्रत्येक पुलाचे खालच्या बाजूसह ड्रोनने चित्रीकरण करा. पावसाळा संपताच ते पुन्हा करा.

२. सर्व छायाचित्रे तारखेसह आणि तपासणाऱ्या अभियंत्याच्या नाव-सहीसह जाहीर करा.

३. धोकादायक ठरलेला पूल त्याच दिवशी बंद करा. नुसता फलक लावून हात झटकू नका. कुंडमळ्यात इंद्रायणीवरच्या पुलाजवळही धोक्याचा फलक होता. १५ जून २०२५ रोजी तो पूल कोसळला आणि चौघांचा जीव गेला.

ही मुदत वाढवून मिळणार नाही. १ जूनच्या सकाळी आम्ही बायकामुलांसह महामार्गावर ठिय्या देऊ. रुग्णवाहिकेखेरीज एकही वाहन सोडणार नाही. त्याच आठवड्यात उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल करू.

आणि यंदाच्या पावसात एकही पूल पडला, तर ‘पुरामुळे पडला’ हे उत्तर आम्ही ऐकून घेणार नाही. शेवटच्या पाहणीवर सही कोणाची होती, हे पोलीस ठाण्यात उभे राहून विचारू.