मर्यादा आकड्याची की पटीची?

सरकारी तिजोरीतून जाणाऱ्या मोठ्या पगारांना मर्यादा हवी, ही मागणी जुनीच आहे. २ मार्च १९३० रोजी गांधीजींनी व्हाइसरॉय आयर्विन यांना पत्र लिहिलं आणि त्यांच्याच पगाराचा हिशोब मांडला. व्हाइसरॉयला महिना २१,००० रुपये, म्हणजे दिवसाला ७०० रुपये. सामान्य भारतीयाची कमाई दिवसाला दोन आण्यांहूनही कमी. फरक पाच हजार पटींच्या वर! पुढच्याच वर्षी काँग्रेसने कराचीत ठराव केला की, खास तज्ज्ञ सोडले तर सरकारी नोकराला साधारणपणे महिना ५०० रुपयांहून जास्त पगार नसावा.

१९३७ मध्ये मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळ आलं आणि मंत्र्यांचा पगार ५०० रुपयेच ठरला. त्या विधेयकावर विधानसभेत टीका केली ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. पगार ठरवताना कार्यक्षमता आणि कारभाराची शुद्धता यांचाही विचार हवा, असं त्यांचं म्हणणं होतं. ते पटण्यासारखं आहे. पगार फारच कमी ठेवला, तर येतील ते घरचे श्रीमंत, नाहीतर वरकमाईवर डोळा असलेले.

म्हणून मर्यादा आकड्याची नको, पटीची हवी. आकडा महागाईत वाहून जातो, पट टिकते. वरच्याला वाढ हवी असेल, तर आधी खालच्याला द्यावी लागते.

आज सातव्या वेतन आयोगानुसार केंद्रात किमान मूळ पगार १८,००० आणि कॅबिनेट सचिवाचा २,५०,०००. म्हणजे चौदा पटींच्या आतच. ऐकायला छान वाटतं. पण साफसफाई, पहारा, डेटा एंट्री ही कामं आता कंत्राटदाराची माणसं करतात. ती या हिशोबात नाहीत. अंगणवाडी सेविकेला तर पगार नाहीच, 'मानधन' आहे. केंद्राने २०१८ मध्ये ते ४,५०० रुपये केलं. राज्यं त्यात भर घालतात, तरी बहुतेक ठिकाणी १८,००० होत नाहीत. पैसा मात्र त्याच तिजोरीतला.

आपल्यातल्या अनेकांच्या घरी सरकारी पगार किंवा पेन्शन येतं, त्यामुळे आठव्या आयोगात किती वाढ मिळणार याची उत्सुकता साहजिक आहे. त्याबरोबर एवढंही विचारू या: पट मोजताना शेवटचा माणूस कोण धरला आहे?