विश्लेषण : पंचविशीच्या आतील पदवीधरांत ४२ टक्के बेरोजगारी, मग वय वाढल्यावर ती जाते कुठे?

तलाठी भरतीसाठी २०२३ मध्ये ४,६४४ जागांची जाहिरात निघाली आणि दहा लाखांहून अधिक अर्ज आले. पुढच्या वर्षी पोलीस भरतीत सुमारे साडेसतरा हजार पदांसाठी १७ लाखांवर अर्ज आले. बेरोजगारीचा पुरावा म्हणून असे आकडे नेहमी दिले जातात. पण या अर्जदारांपैकी किती जण सरकारी आकडेवारीत ‘बेरोजगार’ ठरतात?

आकडेवारी काय सांगते?

अझीम प्रेमजी विद्यापीठाच्या ‘स्टेट ऑफ वर्किंग इंडिया २०२३’ या अहवालात केंद्राच्या २०२१-२२ च्या श्रमशक्ती सर्वेक्षणाचा (पीएलएफएस) आधार घेतला आहे. त्यानुसार २५ वर्षांखालील पदवीधरांत बेरोजगारीचा दर ४२.३ टक्के होता. त्याच वयाच्या निरक्षरांत तो १३.५ टक्के. म्हणजे शिकून नुकसान झाले असे नव्हे. हातावर पोट असलेल्याला रिकामे राहणे परवडत नाही, पदवीधराला घरचे काही वर्षे सांभाळून घेतात. २५ ते २९ वयोगटातील पदवीधरांत हा दर २२.८, तिशी ते चौतिशीत ९.८ आणि पस्तिशीनंतर पाच टक्क्यांच्या आत येतो.

म्हणजे शंभरातले ४२ पदवीधर घरी बसलेत?

नाही. या दराच्या छेदात सगळे पदवीधर नसतात. जे काम करतात किंवा काम शोधतात, तेवढेच धरले जातात. समजा, शंभर पदवीधरांपैकी ४० जण एमएस्सी, बीएड असे पुढचे शिक्षण घेत आहेत. उरलेल्या ६० पैकी २५ जणांना काम नसेल, तरी दर ४२ टक्क्यांच्या जवळ जातो. विशीतला आकडा मोठा दिसण्यामागे हेही एक कारण आहे.

अभ्यासिकेतला मुलगा कुठल्या रकान्यात?

खरी मेख इथे आहे. पुण्यातल्या सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या बीएस्सी झालेल्या मुलाला सर्वेक्षक मागच्या ३६५ दिवसांबद्दल विचारतो. ‘शिकतोय’ अशी नोंद झाली, तर तो विद्यार्थी, म्हणजे हिशेबाबाहेर. ‘काम शोधतोय’ म्हटले, तर बेरोजगार. आणि त्याने वर्षभरात महिनाभर गावी वडिलांच्या शेतात किंवा दुकानात हातभार लावला असेल, तर एक रुपयाही न मिळवता तो रोजगार असलेल्यांत मोजला जाऊ शकतो.

त्यामुळे वयाबरोबर दर उतरतो याचा अर्थ पदवीला साजेशी नोकरी मिळाली, असा लावता येत नाही. राज्यसेवेसाठी खुल्या गटाची वयोमर्यादा ३८ आहे, मागासवर्गीयांसाठी ४३. घरच्यांचा धीर मात्र बहुधा त्याआधीच सुटतो. मग मिळेल ते काम, नाहीतर शेती. लग्नानंतर काम शोधणे थांबवलेली पदवीधर तरुणी तर ना नोकरीत दिसते, ना बेरोजगारांत. मिळालेले काम कोणत्या दर्जाचे, हा प्रश्न हा अहवालही खुला ठेवतो.

सरकारने काय केले?

राज्याने २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. पदवीधरांना महिना १० हजार रुपये विद्यावेतन, मुदत सहा महिने. ती नंतर ११ महिने करण्यात आली. बाराव्या महिन्याचे उत्तर योजनेत नाही.