छायाचित्रांची आडत

घरबसल्या उत्पन्नाच्या ज्या वाटा सध्या सुशिक्षित मध्यमवर्गाला दाखविल्या जातात, त्यांत इंटरनेटवरून छायाचित्रे विकण्याची वाट विशेष मोहक आहे. कॅमेरा एकदा घ्यावा, छायाचित्रे एकदा टिपावीत आणि मग झोपेतही डॉलर जमा होत राहावेत, असे आश्वासन दिले जाते. नोकरी न लागलेला पदवीधर, तासिका तत्त्वावर राबणारा शिक्षक, निवृत्तीला टेकलेला कारकून यांना त्याची भुरळ पडावी, यात नवल नाही. परंतु व्यवसाय पत्करण्यापूर्वी त्याच्या बाजारपेठेची घडण तपासावी, हा अर्थशास्त्राचा पहिला पाठ येथेही लागू आहे.

व्यवहार तसा साधा आहे. छायाचित्रकार आपली चित्रे एखाद्या भांडाराकडे सोपवितो. जाहिरातदार व प्रकाशक ती वापरण्याचा परवाना विकत घेतात. किमतीचा काही हिस्सा स्वामित्वधन म्हणून छायाचित्रकाराला मिळतो. येथे चित्र विकले जात नाही, त्याचा वापर विकला जातो. म्हणून एकच चित्र शेकडो वेळा खपू शकते. २००० साली कॅनडातील कॅल्गरी येथे निघालेल्या आयस्टॉकफोटोने आणि २००३ साली न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेल्या शटरस्टॉकने मूठभर व्यावसायिकांच्या या धंद्याचे दार हौशी मंडळींना उघडले, हे श्रेय नाकारता येणार नाही.

पण दार सर्वांना उघडले की गर्दीही सर्वांची होते. लासलगावला कांद्याची आवक वाढली की भाव कोसळतो. तरी कांदा निदान खाल्ला जातो, संपतो. छायाचित्र संपत नाही. दहा वर्षांपूर्वी टिपलेला सूर्यास्त आजच्या सूर्यास्ताशी स्पर्धा करीतच राहतो. आणखी एक प्रत देण्याचा सीमान्त खर्च जवळजवळ शून्य आणि पुरवठा अमर्याद, अशा स्थितीत किंमत तळाला जाणार, हे सांगावयास ज्योतिषी नको.

त्यात भाव ठरविणारा उत्पादक नव्हे, आडत्या आहे, आणि आडत्यांची संख्याही घटत आहे. आयस्टॉकफोटो २००६ साली गेटी इमेजेसने विकत घेतली. गेटी व शटरस्टॉक यांनी जानेवारी २०२५ मध्ये विलीनीकरण जाहीर केले. शटरस्टॉकने जून २०२० मध्ये मोबदल्याची नवी पद्धत आणली. छायाचित्रकाराचा हिस्सा विक्रीच्या संख्येनुसार १५ ते ४० टक्के. मात्र दर वर्षी १ जानेवारीस प्रत्येकाने पुन्हा खालच्या पायरीवर यावयाचे. एका विक्रीमागे किमान मोबदला १० सेंट. या दराने हजार वेळा चित्र खपले, तर हाती १०० डॉलर! अमेरिकेतील विक्रीवरच्या स्वामित्वधनातून तेथील करही कापला जातो. भारताशी असलेल्या करारानुसार तो १५ टक्के, पण आवश्यक अर्ज भरला नाही तर ३० टक्के. नोकरीत वेतनवाढ रोखली तर संघटना दाराशी उभी राहते. जगभर विखुरलेल्या या उत्पादकांना सौदा करण्याची अशी ताकद नाही.

याहून गंभीर प्रश्न कृत्रिम बुद्धिमत्तेने उभा केला आहे. शटरस्टॉकने आपल्या भांडारातील चित्रे यंत्राला शिकविण्यासाठी ओपनएआयला पुरविली. २०२३ मध्ये अडोबीने फायरफ्लाय हे चित्रे निर्माण करणारे यंत्र प्रामुख्याने स्वतःच्या भांडारावर घडविले. चित्रकारांना काही मोबदला दिला गेला, हे खरे. तथापि ज्याच्या चित्रांवर यंत्र शिकले, त्याचेच गिऱ्हाईक ते यंत्र पळविणार असेल, तर त्या मोबदल्याला न्याय्य म्हणावे काय? १९५७ च्या भारतीय कायद्याने छायाचित्रावरील स्वामित्वहक्क छायाचित्रकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे राखला आहे. एवढा दीर्घ हक्क करारपत्रातील न वाचलेल्या एका कलमाने हातचा जावा, हे कायद्याला अभिप्रेत नसावे. यंत्रशिक्षणासाठी छायाचित्रकाराची स्वतंत्र संमती घेतली जावी आणि त्याचा मोबदला विक्रीपासून वेगळा दाखविला जावा, ही मागणी म्हणूनच रास्त आहे. ती एकेकट्याने करून भागणार नाही. हौशी व व्यावसायिक छायाचित्रकारांनी ती एकत्रितपणे शासनापुढे मांडली पाहिजे.

मग या वाटेला जाऊच नये काय? तसे नव्हे. सूर्यास्त आणि फुले यांचा सुकाळ आहे. पण भातलावणी, एस.टी.चे स्थानक, जिल्हा परिषदेच्या शाळेतील वर्ग यांची नेमकी व प्रामाणिक चित्रे तुलनेने दुर्मिळ असतात, आणि दुर्मिळतेलाच किंमत येते. चित्रात ओळखू येणाऱ्या व्यक्तीची लेखी संमती घ्यावी, एकाच भांडाराशी स्वतःला बांधून घेऊ नये, करारपत्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचावे. आणि मुख्य म्हणजे, कर्ज काढून महागडा कॅमेरा किंवा यशाची हमी देणारा शिकवणीवर्ग घेऊ नये. हाती असलेल्या साधनाने छंद जोपासताना चार पैसे मिळाले, तर ते आनंदाने घ्यावेत. त्या भरवशावर घरखर्चाचे अंदाजपत्रक मात्र मांडू नये.