एका ओळीचा पॅच, पण तपासणार कोण?

भिवंडीतल्या कोणत्याही मोठ्या गोदामात बारकोड स्कॅनर, राउटर, सीसीटीव्हीचा रेकॉर्डर असतोच. यातल्या बऱ्याच यंत्रांच्या पोटात लिनक्स कर्नल चालतो. तुमच्या हातातल्या अँड्रॉइड फोनच्या मुळाशीही तोच आहे. नेटवर्कमध्ये काही बिनसले की हा कर्नल अनेकदा लॉगमध्ये आयपी पत्ता नोंदवतो.

पत्ता छापण्यात काय एवढे? पूर्वी प्रोग्रामर पत्त्याचे चार तुकडे करून छापत. २००८ मध्ये त्यासाठी कर्नलमध्ये खास खूण आली, '%पीआय४'. आयपीव्ही६ साठी '%पीआय६'. मेख अशी, की या खुणेला पत्ता मेमरीत कुठे ठेवला आहे ते ठिकाण द्यायचे असते. ठिकाण चुकले, तर कम्पायलर गप्प बसतो. तिथे पत्ता आहे की पोर्ट नंबर, हे त्याला कळतच नाही. मग लॉगमध्ये चार आकडे छापले जातात, दिसायला अगदी खऱ्या पत्त्यासारखे. ही चूक पकडायला माणसाचा डोळाच लागतो.

दुसरी गोम आयपीव्ही६ ची. '%पीआय६' ही खूण '२००१:००००:००००:००००:००००:००००:००००:०००१' असे छापते. त्याला 'सी' जोडला की तोच पत्ता '२००१::१' होतो. थोडक्यात लिहिण्याचा नियम २०१० मध्ये ठरला. पण एका ड्रायव्हरने लांब आणि दुसऱ्याने आखूड छापले, तर लॉगमध्ये शोधणाऱ्याला अर्ध्याच नोंदी सापडतात.

सर्ट-इनच्या एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार कंपन्यांना १८० दिवसांचे लॉग जपावे लागतात. पण जपलेला पत्ताच चुकीचा असेल तर? चौकशी भलत्याच्याच दारात जाईल.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे: पॅच तपासणे हे कमी प्रतीचे काम नाही. कर्नलमध्ये तपासणाऱ्याचे नाव 'रिव्ह्यूड-बाय' म्हणून कायमचे नोंदले जाते. आपल्या कंपन्यांत मात्र बढतीच्या वेळी 'किती कोड लिहिला' एवढेच विचारतात. (लूमवरून उतरलेला तागा तुटका धागा, डाग न बघता व्यापाऱ्याकडे कोणी पाठवत नाही, हे भिवंडीकरांना सांगायला नको.) अभियांत्रिकी महाविद्यालयांनी शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टमध्ये दुसऱ्याचा पॅच तपासण्यालाही गुण द्यावेत. सुरुवात अशाच एका ओळीच्या पॅचपासून करता येईल. कर्नलच्या छापण्याच्या सगळ्या खुणा त्याच्या दस्तावेजात दिल्या आहेत आणि तो मोबाइलवरही मोफत वाचता येतो.